गाजर गवताची ओळख

सातारा, श्रावण

गाजर गवत हे गवत नव्हे; सूर्यफुलाच्या कुळातले ते वर्षायू तण आहे. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, मूळ अमेरिका खंडातले. भारतातल्या त्याच्या फैलावाच्या इतिहासात पुण्यातली १९५६ ची नोंद पहिली मानली जाते. आयात गव्हाबरोबर बी आले, असा समज आहे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना महामार्गाच्या कडा, पडीक प्लॉट, स्टेशनजवळची मोकळी जागा, सगळीकडे त्याचेच राज्य दिसते.

ओळख फुलावरून नव्हे, रोपावरूनच पटायला हवी, कारण फूल येईपर्यंत उशीर झालेला असतो. कोवळे रोप जमिनीसरपट पानांचे चक्र धरते. पाने गाजराच्या पानांसारखी खोल कातरलेली, फिकट हिरवी, बारीक लव असलेली. मग मधून खोड वर येते. खोडावर उभ्या रेघा, वर भरपूर फांद्या, पाने एकाआड एक आणि वर जावे तशी लहान. उगवल्यापासून महिनाभरात फूल धरू शकते. दिसायला एक पांढरे फूल वाटते, पण तो अनेक पुष्पकांचा गुच्छ असतो. रुंदी जेमतेम चार-पाच मिलिमीटर आणि कडेला पाच इवलीशी किरणपुष्पके. ही पाच भिंगाखाली मोजली की शंका उरत नाही.

सांगली, श्रावण

कराडचा कृष्णा-कोयना संगम मागे टाकून सांगलीकडे वळले की उसाचे बांध सुरू होतात आणि बांधांवर गाजर गवताचे सोबती भेटतात. ओसाडीची पाने समोरासमोर, अंडाकृती, दातेरी; फुलोरा फिकट जांभळा, किरणपुष्पके नाहीत. दगडी पाला जमिनीवर पसरतो; लांब दांडीवर एकच फूल, मधोमध पिवळे. दगडी पाला जखमेवर लावणारी घरे गावोगाव आहेत, म्हणून गाजर गवताशी त्याची गफलत होऊ देऊ नये. गाजर गवताच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते, परागाने दमा बळावतो. जनावराने खाल्ले तर दूध कडवट होते.

गाजर गवताच्या एका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून त्याला आवर घालायला हवा. मेक्सिकोतून १९८० च्या दशकात बंगळूरला आणलेले झायगोग्रामा भुंगेरे त्याची पाने खातात. दुधाळ रंगावर गडद पट्टे असलेला हा किडा पावसात जोमात असतो, कोरड्या दिवसांत जमिनीत दडून राहतो. त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबणे पुरेसे नाही. मोकळ्या जागी टाकळा दाट वाढू दिला, तर गाजर गवताला जागा मिळत नाही. हा उपाय स्वस्त आणि खरा उपयोगी.

परसात रोप दिसले, तर ओली जमीन असताना, हातमोजे घालून, फूल येण्याआधी मुळासकट उपटावे. फुलावर आलेले झाड मात्र खतखड्ड्यात टाकू नये.