बेताचा थाट

काटकसर या शब्दाला आपल्याकडे उगाचच एक उदास छटा चिकटली आहे. काटकसर म्हटली की विटलेली साडी, मोजून वाढलेले तूप आणि पाहुणा दारात दिसताच कपाळावर उमटणारी आठी, असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. व्यापारी घरांत तर त्याला आणखी एक धास्ती जोडलेली असते. घरात हात आखडता घेतल्याचे बाजारात कळले, तर पत जाईल ही ती धास्ती. मी कापड दुकानदाराच्या घरात सून म्हणून आले आणि ३४ वर्षे बँकेत नोकरी केली. त्यामुळे ही धास्ती मी माजघरातूनही पाहिली आहे आणि कर्जविभागाच्या टेबलामागूनही.

टेबलामागून दिसणारे दृश्य निराळे असते. कॅश क्रेडिटच्या खात्यासाठी व्यापारी दरमहा स्टॉक स्टेटमेंट देतो. मालाच्या किमतीतून उधारीवर आणलेल्या मालाची रक्कम वजा करायची, उरलेल्यातून मार्जिन, बहुधा २५ टक्के, सोडायचे. जे राहील ती त्याची उचल करण्याची मर्यादा. हे आकडे घेऊन अधिकारी तपासणीला जातो तेव्हा त्याचे लक्ष दुकानातील कपाटांवर असते, तसे दारातल्या गाडीवरही असते. माल घटलेला, खात्यातील उलाढाल मंदावलेली आणि गाडी मात्र नवी, असे दिसले की मनात पहिली शंका उमटते. उलट, माल घटताच ज्याने घरखर्चही घटवला, त्याच्या मर्यादेचे नूतनीकरण करताना माझी लेखणी कधी अडखळली नाही. पत थाटामाटाने टिकते हा बाजाराचा समज मला म्हणूनच कधी पटला नाही.

आमच्या घरी ही कसोटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये लागली. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. बाजारपेठेत पाणी शिरले आणि गौरी-गणपतीसाठी भरलेला आमचा खालच्या कप्प्यांतील सगळा माल चिखलात गेला. मी आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते. ग्रॅच्युइटीचा मोठा भाग दुकान पुन्हा उभे करण्यात गेला आणि पुढची अडीच वर्षे सात माणसांच्या घरात खात्रीने येणारी रक्कम म्हणजे माझे निवृत्तिवेतन, एवढीच राहिली. थोरल्या जाऊबाई तेव्हा म्हणाल्या, "लोक काय म्हणतील ते राहू दे गं. घर घरासारखे राहील ना?" प्रश्न अगदी योग्य होता. घर उदास झाले की गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचा चेहरा ते गिऱ्हाइकाला सांगतोच.

दुकानाची कीर्द-खतावणी होती, घराची नव्हती. ती मी सुरू केली. एम.कॉम.च्या अभ्यासातला भांडवली आणि महसुली खर्चाचा भेद घरात किती उपयोगी पडतो, हे तेव्हा नव्याने लक्षात आले. माझी एक इरकल साडी आहे, २००२ साली पंधराशे रुपयांना घेतलेली. वर्षाला पंधरा वेळा तरी ती नेसली जाते. वीस वर्षांत तीनशे वेळा. म्हणजे एका नेसण्याला पाच रुपये घसारा. शेजारच्या खणात सहा हजारांची, खड्यांचे काम केलेली एक साडी आहे. तीन समारंभांत नेसली, म्हणजे दर वेळेला दोन हजार. सासूबाईंनी हे गणित ऐकले आणि म्हणाल्या, "बँकवाल्या सुनेने साडीलाही घसारा लावला!" पण पुढच्या दिवाळीला स्वतःची जुनी इरकल पेटीतून त्यांनीच काढली. लाल पदरावरचे पांढरे पट्टे इतक्या वर्षांनीही तसेच खुलून दिसत होते.

खरा आनंद मात्र चिखलातल्या मालाने दिला. सुती ताग्यांचे डाग चार-चारदा धुऊनही पुरते गेले नाहीत. एक फिकट मातकट रंग राहिला. तो रंग आम्ही स्वीकारला. चांगला भाग कापून उशांचे अभ्रे आणि पानाखाली घालायचे चौकोन झाले. उरलेल्या तुकड्यांच्या वाकळी एका बाईंकडून शिवून घेतल्या. ओळीने घातलेला धावदोरा त्या कापडावर इतका शोभला की पाहुण्यांच्या अंथरुणावर आम्ही आजही त्याच घालतो. खण पन्नासेक वाचले होते. खण म्हणजे एका चोळीपुरता तुकडा, त्याचा पडदा कसा होणार? जाऊबाईंनी ते जमिनीवर पटासारखे मांडले, हिरव्याशेजारी जांभळा, जांभळ्याशेजारी आमसुली, काठाला काठ जुळवून. आणि बैठकीच्या खोलीला जो पडदा लागला, त्याची चौकशी केल्याशिवाय कोणी पाहुणा उठत नाही. ही दृष्टी जाऊबाईंची. मला आकडे कळतात, रंग नव्हेत.

स्वयंपाकघरात फारसे काही बदलावे लागले नाही. माळ्यावरची पितळी भांडी खाली आली, कल्हई झाली. तापल्या भांड्यात नवसागराचा धूर उठतो आणि कापसाच्या बोळ्यासरशी कथील चांदीसारखे पसरते, हे पाहायला गल्लीतली मुले जमली. पाहुण्यांसाठी मिठाईचे खोके आणणे बंद झाले. लसूण न घातलेले घरचे भडंग पितळी वाडग्यातून येऊ लागले. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळली: कल्हईवाल्याशी, वाकळ शिवणाऱ्या बाईंशी किंवा शिंप्याशी मजुरीसाठी घासाघीस करायची नाही. ती काटकसर नव्हे, आपला तोटा दुसऱ्याच्या खात्यावर नावे टाकणे आहे.

खरी अडचण पुतणीच्या लग्नाची. २०२२ च्या डिसेंबरात ते ठरले, तेव्हा दुकान नुकतेच सावरत होते. नातेवाइकांचा आग्रह होता की कर्ज काढा, पण लग्नात कमी दिसू देऊ नका. व्याही इचलकरंजीचे, तेही कापडाच्याच धंद्यातले. दुसऱ्याच्या दुकानाची नाडी त्यांना ताबडतोब कळणार. मोठ्या भावजींनी बोलणीच्या बैठकीतच सांगून टाकले, "पुराची देणी अजून फिटायची आहेत. लग्न शिलकीतून करू, उधारीतून नाही." काही क्षण कोणी बोलले नाही. मग व्याह्यांनी एवढेच विचारले, "शिल्लक किती माणसांची आहे?" भावजी म्हणाले, "अडीचशे." त्यांनी आपल्या बाजूची यादी मागवली आणि तिथेच पेन घेऊन बसले.

लग्न दिवसाउजेडी झाले. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आपल्याकडे नवे नाही, पण त्यामुळे रोषणाई आणि जनरेटरचा खर्च आपोआपच टळतो, याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. झेंडू आणि निशिगंध बाजारातून थेट आणले. नवरीचा शालू म्हणजे जाऊबाईंच्या शालूचे काठ-पदर, नव्या रेशमावर बसवलेले. पंगतीत कुजबुज झाली नाही असे नाही. एका दूरच्या नणंदेने "यंदा जरा आटोपशीरच वाटते" असा शेरा मारला. तो आम्ही हसून जमेला धरला.

घराची कीर्द आजही चालू आहे, आता सूनबाई लिहिते. तिच्यात पहिल्या महिन्यापासून 'हौस' नावाचे एक खाते आहे. रक्कम पाचशे रुपये. पुराच्या साली सुद्धा ती कापली नाही आणि आता हाताशी पैसा असूनही वाढवलेली नाही. गेल्या महिन्यात तिच्यातून सोनचाफ्याचे रोप आले. पुतणीला तिच्या घरासाठी खणांचा पडदा हवा आहे. खण अकराच उरले आहेत, एका खिडकीला पंधरा तरी लागतील. जाऊबाई म्हणतात, मधल्या पट्ट्या मातकट कापडाच्या घालू.