काडतूस आणि किरण

विज्ञानकथेतल्या वीराच्या हाती बंदूक द्यावी की किरणशस्त्र, हा प्रश्न मूर्तिजापुरात कोणाची झोप उडवील असे वाटत नाही. पण आमच्या घरात मात्र त्यावरून दिवाळीचा फराळ थंड होतो. मी बंदुकीच्या बाजूचा. ज्यूल व्हर्नने १८६५ साली चंद्राकडे गोळा उडवला तो ९०० फुटी तोफेतून, ४ लाख पौंड गनकॉटन भरून. गनकॉटन म्हणजे तेजाबात मुरवलेला कापूसच की! एवढा कापूस न्यायला आमच्या शकुंतला गाडीला किती खेपा पडल्या असत्या, याचा हिशेब मी लहानपणी मोठ्या अभिमानाने मांडीत असे.

पुढे १८९८ साली वेल्सने मंगळवाल्यांच्या हाती जाळणारा किरण दिला, आणि व्हर्नची तोफ एकदम म्हातारी झाली. तरी त्याच कादंबरीत एक मंगळवासी साध्या तोफगोळ्याने कोसळतो. माझा पुतण्या हा भाग नेहमी विसरतो.

आमचे थोरले काका शेतात डुकरांसाठी ठासणीची बंदूक बाळगीत. दारू घाला, ठासा, छर्रे घाला, पुन्हा ठासा. बार एकच. तो हुकला की पाळी डुकराची! लागला तरी दस्ता खांद्यावर असा बसे की काकूंना दोन दिवस हळद उगाळावी लागे. चाप ओढायला काका फार वेळ घेत.

यंदा पुतण्याने कथा लिहिली. तीत नायक उभ्या उभ्या चाळीस शत्रूंची राख करतो. आमच्या आईने ती शांतपणे ऐकली नि विचारले, "अन् त्याले काडतूस नाही लागत का रे बापू?"

बापू निरुत्तर. मग त्याने शास्त्राचा आधार घेतला. बंदुकीची दारू आपला प्राणवायू बरोबरच नेते, त्यामुळे निर्वातातही बार उडतो, हे त्याने कबूल केले. पण धक्क्याचे काय? सोव्हिएत रशियाने १९७५ च्या जानेवारीत साल्यूत-३ या अवकाशस्थानकावरची तोफ डागली, तीही आत माणूस नसताना. नेम धरायला अख्खे स्थानक वळवावे लागे. किरणाला असा धक्का नाही. आणि १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूलला आपल्याच शास्त्रज्ञांनी ३० किलोवॅटच्या लेसरने उडते ड्रोन पाडले, ही काही कादंबरी नव्हे!

खरे आहे. पण भिंग धरून कापूस पेटवायचा खेळ वऱ्हाडातल्या पोराला शिकवावा लागत नाही. पांढरा कापूस ऊन परतवतो. काळी चिंधी लवकर धरते. हात हलला की पुन्हा पहिल्यापासून. लेसरचेही तसेच: एकाच जागी क्षणभर टिकून राहावे लागते, धूळ-धुके आडवे येते, आणि विजेचा मोठा वाटा यंत्रातच उष्णता होऊन साठतो. अंतराळात ती उष्णता वाहून न्यायला वारा नाही. आईचे काडतूस ते हेच.

पुतण्याने कथा पुन्हा लिहायला घेतली आहे. आता तिसऱ्या वारानंतर शस्त्र तापते, नायकाला थांबावे लागते, आणि समोर चौथा शत्रू हात वर करून उभा असतो. त्याचे वय किती ठेवावे, असे तो काल रात्री मला विचारीत होता.