काकूची ओली मिरी

येळवशीची भज्जी आमच्या लातूर भागात ठरलेली. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात, चिंचेचा कोळ, बेसन आणि हिरवी मिरची. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, ही भज्जी, आंबील आणि उंडे घेऊन सगळं गाव शेतात जातं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतावर मात्र भज्जीत मिरचीऐवजी ओली मिरी पडायची, कारण काकू सावंतवाडीकडची.

तिच्या माहेरी पोफळींवर मिरवेली चढलेल्या. दाणे भरले की वाळवून त्यांचे काळे मिरे करतात. हिरवे तोडले तर दोन दिवसांत काळवंडतात. म्हणून तिचे भाऊ घोस धुऊन मिठाच्या पाण्यात बुडवत आणि बरणी गोणपाटात गुंडाळून एसटीने पाठवत.

काकू घोसावरून दाणे अंगठ्याने ओरपून काढायची आणि लसणाबरोबर पाट्यावर जेमतेम फोडायची. पार वाटली तर वास पाट्यालाच राहतो, असं तिचं म्हणणं. भज्जी चुलीवरून खाली उतरली की मगच हा ठेचा घालायचा आणि लगेच झाकण. उकळीत तो वास टिकत नाही. झाकण काढलं की आधी लिंबाच्या पानासारखा हिरवा दरवळ यायचा, आणि घास गिळल्यावर घशात ऊब उतरायची. आजीला मिरची सोसत नसे. "सूनबाई, माझी वाटी आधी काढ," म्हणून ती कोपीतूनच सांगायची. शेजारच्या शेतातल्या बायका सुरुवातीला बिचकल्या, पुढे आपापल्या वाट्या घेऊन येऊ लागल्या.

लातूरच्या घरी परसात कडुनिंबाच्या बुंध्याशी काकूने मिरवेलीची फांदी लावली होती. तिच्या मुलखातल्या पावसाच्या चौथाईच्या आसपास आमच्याकडे पडतो. तरी भांडी विसळलेलं पाणी घालून तिने वेल जगवली. मग २०१६ आलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीतून पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात वेल गेली. काकू काही बोलली नाही, पण वाळलेली वेल तिने कुणाला काढूही दिली नाही.

२०२१च्या उन्हाळ्यात काकू गेली. त्या मार्गशीर्षातही तिच्या भावांनी, म्हणजे आमच्या मामांनी, बरणी पाठवली. ती उघडायचा धीर कुणाला झाला नाही. पुढे मामाही गेले, वाडी विकली गेली, बरणी यायची थांबली. भज्जी आजही होते, चुलत बहिणी मन लावून करतात, आणि मला ती अर्धीच लागते. सणाचा नेम गावाने सांभाळला. काकूने त्यात घातलेलं आमच्या घराला सांभाळता आलं नाही, याची मला फार खंत आहे.

आता मी नांदेडला असतो. वजिराबादच्या बाजारात काळे मिरे हवे तेवढे मिळतात, ओली मिरी कुणी ठेवत नाही. कोकणातून कुणी तुमच्याकडे येणार असेल तर मागवून घ्या. भज्जी खाली उतरल्यावरच घाला. आणि घरात दूरच्या मुलखातून सून आलेली असेल, तर येळवशीला तिच्या माहेरचं काय घालायचं ते तिलाच विचारा, आणि तिच्या शेजारी बसून शिकून घ्या.