चार बोटांवरचा माईक

पॉडकास्टसाठी कोणता माईक घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी त्याच्या घराची चौकशी करते. खोली केवढी आहे, खिडकी कुठे उघडते, पंखा बंद करून बसता येतं का, शेजारच्या भिंतीपलीकडे कुणाचं स्वयंपाकघर आहे. किमतीचं बोलणं नंतर.

ही सवय काकांची. वाईला ते लाउडस्पीकर भाड्याने देत. लग्नं, कीर्तनं, गणपती, ग्रामपंचायतीच्या सभा. कुठलंही काम आलं की आधी ते जागा बघून येत: मंडप पत्र्याचा की कापडाचा, कर्णे कुठल्या तोंडाने बांधायचे, माईक कर्ण्यासमोर तर येत नाही ना. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतले सगळे माईक डायनॅमिक जातीचे होते. मला ते नाव पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा ते नुसते ‘अहुजाचे माईक’ होते. हातातून निसटायचे, पावसात भिजायचे, लहान मुलं त्यांत फुंकर मारायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘हॅलो, वन टू थ्री’ला तयार असायचे.

गणपती उठले की माईक धुण्याचं काम माझ्याकडे असे. गोल जाळी फिरवून काढायची, आतला स्पंजाचा तुकडा अलगद सोडवायचा, दोन्ही साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचे आणि सावलीत वाळत घालायचे. त्या जाळीला तंबाखू, अत्तर, बुक्का असा सगळा गाव चिकटलेला असे. एकदा काकांनी एका बंद पडलेल्या माईकचं पोट उघडून दाखवलं. वर पातळ, पारदर्शक पडदा. पडद्याच्या पाठीला तांब्याच्या तारेचं वेटोळं, केसासारखं बारीक. ते वेटोळं चुंबकाच्या फटीत लटकलेलं. बोललं की पडदा हलतो, त्याबरोबर वेटोळं हलतं, आणि चुंबकाजवळ तार हलली की तिच्यात वीज उमटते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही. मला ते पटेना. तेव्हा त्यांनी एक छोटा स्पीकर उचलला, त्याच्या दोन वायरी अॅम्प्लिफायरच्या माईकच्या खाचेत जोडल्या आणि म्हणाले, “बोल गं त्याच्यात.” मी बोलले, आणि अंगणातल्या कर्ण्यातून माझा आवाज आला, दबका, पण माझाच. स्पीकर आणि माईक ही एकच वस्तू, फक्त उलट्या दिशेने चालवलेली. विज्ञानाच्या तासाला मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पुढे आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक झाले, मग मुंबईत डबिंग. तिथे कंडेन्सर माईकशी गाठ पडली. त्याच्यात वेटोळं नसतं. धातूचा मुलामा दिलेला अतिशय हलका पडदा असतो, आणि त्याच्या सर्किटला बहुतेक वेळा 48 व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. पडद्यावर तारेचं ओझं नसल्यामुळे बारीकसारीक हालचालही तो टिपतो. वाक्य सुरू होण्याआधी ओठ विलग होतात, तोसुद्धा आवाज ऐकू येतो. जाड दाराच्या, भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत यासारखं सुख नाही. ती खोली मात्र फार थोड्यांच्या वाट्याला येते.

2020 च्या टाळेबंदीत स्टुडिओ बंद झाले आणि काम घरी आलं. पुण्यातला आमचा फ्लॅट रस्त्यालगतचा. एका मित्राने कंडेन्सर पाठवून दिला. त्याने माझा आवाज सुरेख टिपला. शिवाय गॅलरीतली कबुतरं, खालच्या मजल्यावरचा कुकर, भिंतीवरचं घड्याळ, आणि उघड्या फरशीवरून परतणारा माझाच आवाज. तेव्हा काकांची ट्रंक आठवली आणि मी शुअरचा एसएम58 मागवला. 1966 पासून बाजारात असलेला, लोखंडी जाळीच्या गोल डोक्याचा, जगभरच्या गायकांच्या हातात दिसणारा साधा माईक.

डायनॅमिक माईक बाहेरचा गोंगाट गाळून टाकतो, असं दुकानदार सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं आहे. त्याची ताकद जवळिकीत आहे. त्याच्या तोंडाशी, चार बोटांवर बोललं तरी तो गडबडत नाही. चार बोटांवरून वीतभर अंतरावर गेलात, म्हणजे अंतर साधारण तिप्पट झालं, की तुमचा आवाज त्याच्यापर्यंत जेमतेम एक तृतीयांश पोचतो. मग गेन, म्हणजे माईकचा आवाज मोठा करण्याचं प्रमाण, वाढवावा लागतो, आणि गेनबरोबर कुकरही वाढतो. म्हणून जवळ या. तोंड मात्र थोडं तिरपं ठेवा, कारण मराठी ही श्वासाची भाषा आहे. ‘भाऊ’, ‘फणस’, ‘पाऊस’ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो, आणि तो सरळ पडद्यावर आदळला की धप्प होतं. हनुवटीच्या बाजूने बोललं की झोत बाजूने निघून जातो आणि शब्द जागेवर राहतो.

दुसरी गोष्ट दिशेची. माझ्यासारख्या कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं टिपणाऱ्या, माईकला पाठीमागचं सर्वांत कमी ऐकू येतं. म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसते. माईकची पाठ आपोआप रस्त्याकडे होते. गोधडी मात्र माझ्या पाठीमागे टांगते. बरेचजण ती माईकच्या मागे लावतात. माईक बघतोय तुमच्याकडे. तुमच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाजच त्याच्या तोंडात शिरणार.

महाग माईकांबद्दल मला आदर आहे. शुअरच्या एसएम7 वर, 1973 सालच्या मूळ मॉडेलवर, मायकेल जॅक्सनने ‘थ्रिलर’चं गायन केलं, आज पॉडकास्टच्या व्हिडिओंत दिसतो तो त्याचाच पुढचा अवतार, एसएम7बी. त्याचा आवाज भरीव आहे, पण तो फार हळू बोलतो: माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या इंटरफेसमध्ये साठ डेसिबलच्या आसपास स्वच्छ गेन नसेल तर पाठीमागे सूं सूं ऐकू येते, आणि मग वेगळं बूस्टर घ्यावं लागतं. इलेक्ट्रोव्हॉइसचा आरई20 मला त्याहून आवडतो. जवळ गेलं की साध्या माईकमध्ये खर्ज फुगतो; याच्या अंगावरच्या फटी तो फुगवटा आवरतात, त्यामुळे निवेदक मान हलवत वाचत असला तरी आवाजाचा पोत बदलत नाही. तासन्‌तास पुस्तक वाचायचं असेल तर हा गुण मोठा आहे. तरीही पहिला माईक म्हणून मी यांतला एकही सुचवणार नाही.

मला काळजी वाटते ती वेगळीच. आपल्या शहरांत शांत खोली ही श्रीमंती आहे. चाळीत, दोन खोल्यांच्या घरात, हॉस्टेलवर राहणाऱ्यांकडे सांगायला पुष्कळ असतं. बंद करायला दार नसतं. त्यांना ‘आधी स्टुडिओ करा’ म्हणणं म्हणजे ‘बोलू नका’ म्हणणं.

माझ्याकडे निवेदन शिकायला येणारी एक मुलगी पिंपरीला राहते. घरात पाच माणसं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि त्यांमागच्या गोष्टी तिला रेकॉर्ड करायच्या होत्या. “ताई, कंडेन्सरच चांगला ना?” तिने विचारलं. मी तिच्या घरी गेले. खिडकीखाली रिक्षा स्टँड, आतल्या खोलीत टीव्ही. आम्ही सॅमसनचा क्यू2यू ठरवला. साधा डायनॅमिक, यूएसबीने थेट लॅपटॉपला लागणारा, आणि पुढे इंटरफेस घेतलाच तर एक्सएलआर केबलने त्यालाही जोडता येणारा. दोघींनी मिळून कपाटाची दारं उघडली, आजींना लुगड्यांच्या घडीकडे पाठ करून बसवलं आणि माईक स्टँडवर त्यांच्या ओठांशी आणला. त्या मागे सरकायला लागल्या. उभ्या आयुष्यात एवढ्या जवळ कुणी त्यांचं ऐकायला आलं नव्हतं. नातीने त्यांची चार बोटं धरून ओठ आणि जाळीमध्ये उभी केली, अंतर दाखवलं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. आजींनी विचारलं, “मोठ्यानं म्हणू का?” नात म्हणाली, “नको गं. मला सांगतेस तसंच सांग.”