हक्क माझ्या मुलीपुरता

शाळेच्या ग्रंथालयात कोणती पुस्तकं असावीत हे पालकांनी ठरवावं, असं मला बरीच वर्षं मनापासून वाटत होतं. अमेरिकेत मुलगी वाढवताना तर जास्तच. जे आम्ही घरात ठेवणार नाही, ते शाळेने तिच्या हाती का द्यावं? शिवाय काढलेलं पुस्तक दुकानात मिळतंच. मग या काढण्याला बंदी कशाला म्हणायचं?

हे मत हललं ते युटा राज्यामुळे. शाळांमधून अश्लील साहित्य हटवण्याचा कायदा तिथे २०२२ मध्ये झाला. मला तो पटलाही होता. मग पुस्तकं हटवली जाताना पाहून चिडलेल्या एका पालकाने त्याच कायद्याखाली बायबलविरुद्ध तक्रार केली. डेव्हिस जिल्ह्याच्या शाळांनी २०२३ मध्ये लहान वर्गांच्या ग्रंथालयांतून बायबल काढलं. केवढा गदारोळ झाला! जूनमध्ये स्कूल बोर्डाने ते परत ठेवलं. बायबलला पाठीराखे होते. ज्या पुस्तकाला पाठीराखे नाहीत, त्याचं काय?

हा प्रश्न जुनाच आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या आयलंड ट्रीज इथल्या स्कूल बोर्डाने १९७६ मध्ये काही पुस्तकं हटवली. बोर्डानेच नेमलेल्या समितीने त्यांतली काही ठेवा म्हटलं, तरी ऐकलं नाही. स्टीव्हन पिको आणि आणखी काही विद्यार्थी कोर्टात गेले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. त्या पाचांतही पूर्ण एकमत नव्हतं. पण न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या मतातला एक भेद मला पटला. वर्गात काय शिकवायचं यात बोर्डाला मोठी मोकळीक आहे. ग्रंथालयात मात्र मूल आपल्या मनाने जातं. तिथलं पुस्तक केवळ त्यातले विचार आवडत नाहीत म्हणून काढता येत नाही.

दुकानाचा माझा मुद्दाही तिथेच संपला. माझ्या मुलीला मी पुस्तक विकत घेऊन देऊ शकते. ज्या घरात तेवढे पैसे नाहीत, किंवा जे मूल आपला प्रश्न घरी विचारू शकत नाही, त्याला शाळेतलं कपाट हेच दुकान.

वयाचा विचार हवाच, हे मी आजही म्हणते. ते काम प्रशिक्षित ग्रंथपालाचं आहे. तक्रार आली तर समितीने अख्खं पुस्तक वाचावं, आणि निर्णय होईपर्यंत ते कपाटातच राहावं. माझ्या मुलीला एखादं पुस्तक देऊ नका, असं मी शाळेला जरूर सांगेन. शेजारच्या मुलाच्या वतीने ते सांगायचा हक्क मला नाही.