लगाम सोडायची वेळ

माझ्याकडे घोडं आणणारा माणूस घोड्याच्या आधी तक्रार आणतो. "मास्तर, घोडी अडते." "मांड टाकली की दोन पायांवर उभी राहते." "खोगीर दिसलं की चावायला धावते." संगमनेरच्या आसपास आता घोडी लागते ती नवरदेवाला मिरवायला, पठारावरच्या घाटात बैलगाडा शर्यतीच्या बारीपुढं पळायला, नाहीतर निव्वळ हौसेला. पोरानं मोबाईलवर मारवाडी घोड्यांचे व्हिडिओ बघायचे आणि बापानं सारंगखेड्याच्या बाजारातून पंचकल्याण शिंगरू आणून गोठ्यात बांधायचं, असं चाललंय. घोड्याच्या खोडीही तशाच, ज्या त्या कामातून आलेल्या असतात.

सगळ्यात अवघड असते ती वरातीतून सुटलेली नाचरी घोडी. नाचवताना तिचा लगाम ताणून धरतात आणि पायांना काठीचा इशारा देतात. पुढं जाता येत नाही आणि थांबूही देत नाहीत, म्हणून ती जागच्या जागी पाय उचलते. लोक नोटा ओवाळतात. अशी घोडी कुणी रपेटीसाठी विकत घेतली की नवखा स्वार पहिल्याच फेरीत घाबरून लगाम खेचतो. घोडी नाचू लागते. तो आणखी खेचतो, ती आणखी उसळते. "लय बेइमान निघाली," म्हणत तो तिला माझ्या दारात आणून बांधतो. माझ्या मते तिच्याइतकी इमानी घोडी शोधून सापडायची नाही. ताणल्यावर जे करायला शिकवलं, तेच ती करत असते.

अशा घोडीच्या तोंडात मी पहिले काही आठवडे लगाम घालत नाही. आधी तोंड उघडून बघतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते, लगामाची कडी तिथं बसते. काटेरी लगाम 1965 च्या नियमांनीच बंद झालाय, तरी त्याच्या खुणा या हिरडीवर अजून दिसतात. एखाद्या घोड्याला दाढांच्या पुढं बारीकसा लांडगादात असतो, कडी त्यावर आपटते आणि घोडं मान झटकतं. दाढांच्या कडा धारदार झाल्या तरी तेच. त्या डॉक्टरकडून कानशीनं घासून घेतल्या की निम्मी मानझटक तिथंच थांबते. मग पाठ. खोगिराखाली बोटं दाबत गेलं की घोडी जिथं अंग चोरते, तिथं लाथ झाडण्याचं मूळ असतं. तंग आवळताना चावणारी घोडी बहुतेकदा दुखतंय एवढंच सांगत असते. हे तपासल्याशिवाय चाबूक हातात घेणारा माणूस मला या धंद्यात नको वाटतो.

मग मोरखी, लांब दोरी आणि कावा. गोल फिरवून घोडं दमवायचं, असा कावा देण्याचा अर्थ बरेच जण लावतात. दमलेलं घोडं शहाणं दिसतं, पण चार दिवस चंदी खाऊन पुन्हा पहिल्यासारखं होतं. काव्यावर शिकवायचं असतं ते थांबणं, वळणं आणि माणसाकडं कान देणं. दोरीवर हलका ताण द्यायचा, आणि घोडीनं पहिलं पाऊल उचललं त्याच क्षणी ताण सोडायचा. पाऊल पुरतं पडेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. ताण सुटायच्या नेमकं आधी आपण काय करत होतो, तेवढंच घोडं लक्षात ठेवतं. दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या घोडीवरून स्वार घाबरून उतरला, तर उभं राहिलं की ओझं उतरतं हे ती शिकली. गावाच्या वेशीवर अडलेल्या घोड्याला कंटाळून माघारी वळवलं, तर अडल्यावर घर मिळतं हे ते शिकलं. म्हणून उतरायचं ते ऐकल्यावर, मग ते ऐकणं दोन पावलांचं का असेना. आणि घोडी उभी राहू लागली तर लगाम कधीही खेचायचा नाही. दोन्ही हात ढिले सोडून एका बाजूनं तिचं तोंड वळवायचं. मान वळली की तिला उभं राहणं अवघड जातं.

बुजण्याचं मात्र वेगळं आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळं त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं. जाताना डावीकडून बघितलेला टोमॅटोच्या वाफ्यावरचा फडफडता मल्चिंग कागद येताना उजवीकडून दिसला की काही घोडी नव्यानं दचकतात. तो कागद घोड्याला दोन्ही अंगांनी, दुरून जवळ, घाई न करता दाखवत नेण्याखेरीज उपाय नाही. पण प्रत्येक बुजणं मोडून काढू नये. प्रवराकाठचा ऊस म्हणजे बिबट्यांचं बाळंतघर. एक घोडी उसाच्या एका कोपऱ्याशी रोज अडायची. मालक म्हणाला, खोड आहे, हाणा. मी वाट बदलली. पुढं तोडणी सुरू झाली, तेव्हा त्याच कोपऱ्यात बछडे निघाले.

गर्दीला आणि आवाजाला घोडं कसं सरावतं, हे बघायचं तर माऊलींचे अश्व बघावेत. अंकलीच्या शितोळे सरकारांचे हे अश्व आळंदीपर्यंत पायी आणले जातात. रस्ता, गावं, ढोल, वाहनं सगळं त्या वाटेवर अंगवळणी पडत जातं, आणि मग लाखोंच्या टाळमृदंगात रिंगण धावताना घोडा बिथरत नाही. आपल्याकडे डीजेपुढं उभी केलेली घोडी आदल्या दिवशीच टेम्पोतून उतरलेली असते.

घाटातल्या घोड्यांची गोष्ट तर उघड कारणामुळं बिघडली. 2014 मध्ये बैलगाडा शर्यती बंद झाल्या, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. मधल्या वर्षांत बारीपुढं पळायला सरावलेल्या घोड्या म्हाताऱ्या झाल्या. आता घाईघाईनं दोन वर्षांच्या शिंगरांवर मांड टाकतात. घोड्याच्या पाठीचा कणा पक्का व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. कोवळ्या पाठीवर पडलेलं ओझं पुढं उसळण्यात आणि लाथेत निघतं.

आणि जातीचं म्हणाल, तर 1679 साली जालन्याहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेला संगमनेरजवळ रणमस्तखानानं गाठलं. सिधोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेनं बाकीच्या फौजेला पट्टा किल्ल्यावर नेलं. आपल्याच डोंगरांतून त्या फौजेची घोडी गेली. ती आजच्या हौशी लोकांना आवडतात तशी उंच मारवाडी नव्हती, दख्खनची बुटकी आणि काटक जात होती. तिचा वारसा सांगणाऱ्या भीमथडीला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली. संगमनेरात ती विकत मागणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाणार असाल, तर अंगावरचे शुभ-अशुभ भोवरे आणि देवमण बघण्यात वेळ घालवू नका. वय दातांवरून तपासा, हिरडीला बोट लावून बघा, खोगीर उतरवायला सांगून पाठ दाबा, आणि आधी मालकालाच बसून चार फेऱ्या मारायला लावा. त्यानं सबब सांगितली, तर पुढच्या दावणीकडं वळा.