विंचूरची तीनपाटी आणि शाळेची वाट

नाशिकहून येवल्याच्या एस.टी.त बसले, की निफाड मागे पडल्यावर द्राक्षबागांच्या सोबतीने विंचूर येते. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव 1761 साली पानिपतावर लढले. त्यांच्या घराण्याला विंचूरकर हे नाव याच गावावरून मिळाले. आजच्या प्रवाशाला मात्र विंचूर ओळखीचे आहे ते तीनपाटीमुळे.

येथे तीन दिशांचे रस्ते भेटतात. एक नाशिकचा. दुसरा येवल्यावरून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा. तिसरा लासलगावचा, जो पुढे सटाण्यावरून पार तापीकाठच्या प्रकाशापर्यंत पोचतो. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार विंचूरला आहे, वाईन पार्कही आहे. रस्त्याने गावाला पैसा दिला, हे कोणीही मान्य करील. पण ज्या रस्त्याने कांदा बाजारात जातो, त्याच रस्त्याने आपली पोरे शाळेत जातात.

दिवाळीनंतर लाल कांदा निघू लागतो. लिलावासाठी सकाळीच ट्रॅक्टर निघतात आणि शाळेची वेळही तीच. निफाड तालुक्याची थंडी तर प्रसिद्धच आहे. जानेवारीत सात वाजले तरी नीट उजाडलेले नसते. मफलरने कान बांधलेले पोर सायकलवर निघते. त्याला मागची गाडी ऐकू येत नाही आणि गाडीवाल्याला ते दिसत नाही.

थोडा हिशेब करू. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 55 फूट जाते. समोर मूल आले हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. गाडी थांबायला त्यापुढे आणखी अंतर लागते. वेग निम्मा केला, तर त्या सेकंदात ती 27 फूटच जाईल. शिवाय लहान मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा अंदाज मोठ्या माणसासारखा येत नाही. म्हणून ‘पोरगं मध्येच आलं’ म्हणून सुटका करून घेता येत नाही. पोर मध्येच येणार, हे धरूनच मोठ्यांनी गाडी हाकायची असते.

आपण दोष देतो तो परगावच्या ट्रकला. पण रस्त्यावरचे कितीतरी ट्रॅक्टर, पिकअप आणि मोटारसायकली आपल्याच घरच्या असतात. तेव्हा सुरुवात आपल्या खळ्यापासून करू या. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावा, ते चिखलाने माखले तर पुसा. रस्त्याच्या कडेला ट्रॉली अशी उभी करू नका, की तिच्याआडून मूल एकदम बाहेर पडेल. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मुलांना बसवू नका. एका खड्ड्याच्या हिसक्याने मूल चाकाखाली जाते.

मुलांनाही दोन गोष्टी शिकवा. पायी जाताना उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. सायकल मात्र डाव्या कडेनेच चालवावी. सायकलच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि अंगात फिकट रंगाचा स्वेटर असला, तर अंधारात जीव वाचतो.

आणि पोरगा दहावीत गेला म्हणून मोटारसायकलची किल्ली त्याच्या हाती देऊ नका. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याचे भय बाजूला ठेवले, तरी समोरून सायकलवर येणारे पोर कोणाचे तरी असतेच.

अपघात झालाच, तर बघत उभे राहू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

शाळेजवळ गतिरोधक आणि पांढरे पट्टे हवे असतील, तर ग्रामसभेत ठराव करून रस्त्याच्या खात्याकडे पाठवावा, पाठपुरावा करावा. ठरावाचे उत्तर येईपर्यंत कांद्याच्या दिवसांत दोन मोठी माणसे पाळीपाळीने शाळेच्या वेळी फाट्यावर उभी राहिली, तर पोरांना हात धरून रस्ता ओलांडता येईल. त्याला ना पैसा लागतो, ना मंजुरी. कांद्याचा भाव आपल्या हातात नाही. एवढे मात्र आहे.